‘तब्येत’ आणि माणूस : एच.आय.व्ही.बाधितांच्या चित्रणाविषयी काही विचार

मराठीत ‘तब्येत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि बोलण्याच्या ओघात आपण ते वेगळे ठेवीत नाही. ‘तब्येत कशी आहे?’ असे विचारतो तेव्हा आपल्याला आरोग्य अभिप्रेत असते. ‘काय छान तब्येत झाली तुझी!’ असे म्हणतो तेव्हा अंगावर चढलेले मांस. खाल्लेले अंगी लागणे, बाळसे धरणे, खात्यापित्या घरचा दिसणे हे आपले कौतुकाचे शब्द. वाळणे, रोडावणे, खंगणे, अंगाचे चिपाड होणे हे काळजीचे. ज्या समाजाने दुष्काळ भोगले, पटकी आणि प्लेग पाहिला, क्षयाने घरेच्या घरे रिती होताना पाहिली, त्याने देहाच्या वजनालाच आरोग्याचा पुरावा मानावे, यात नवल नाही. मात्र एका रोगाच्या बाबतीत हा पुरावा पुन्हा पुन्हा खोटा ठरला आहे, आणि तरीही आपण तो सोडावयास तयार नाही. तो रोग म्हणजे एच.आय.व्ही.चा संसर्ग. चित्रे, छायाचित्रे आणि चित्रपट यांनी या रोगाचा देह आपल्याला कसा दाखविला, त्या दर्शनाने आपली नजर कशी घडली आणि त्या नजरेचा भार कोणाला वाहावा लागला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर सांगली जिल्ह्यातील कुंडल आणि त्याच्या आसपासचा परिसर आहे. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे केंद्र म्हणून या गावाचे नाव इतिहासात गेले. तितकेच ते कुस्तीच्या मैदानासाठी महाराष्ट्रभर ओळखले जाते. ज्या मुलखात तालीम ही गावाची शान, जिथे दूध, तूप, बदाम यांचा खुराक घराच्या ऐपतीबाहेर गेला तरी मुलाला पुरविला जातो, जिथे मल्ल मातीत उतरण्याआधीच लोक त्याची छाती, मान आणि मांड्या पाहून अंदाज बांधतात, तिथे देह वाचण्याची कला लहानपणापासूनच अंगवळणी पडते. ही कला निंद्य नाही. मेहनतीचा मान राखणारी ती परंपरा आहे. पण जी नजर मल्लाला तोलते, तीच नजर बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर आणि चर्चच्या दारातही तोलत राहते. एखादा तरुण मुंबईहून वा गुजरातेतून सहा महिन्यांनी परतला आणि त्याचा शर्ट खांद्यांवरून लोंबू लागलेला दिसला की कुजबुज सुरू होते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने ज्या जिल्ह्यांत या संसर्गाचा प्रादुर्भाव अधिक मानला, त्यांत सांगलीची गणना झाली होती. त्यामुळे या कुजबुजीला इथे एक विशिष्ट नाव मिळाले, आणि ते उच्चारण्याचीही कोणाला गरज पडेना.

या कुजबुजीत सत्याचा अंश नव्हता असे म्हणता येणार नाही. उपचार नव्हते त्या काळात हा रोग खरोखरच देह झिजवीत असे. भूक मंदावे, आतड्यांच्या संसर्गामुळे जुलाब थांबत नसत, ताप महिनोन्‌महिने राही, आणि त्यातच क्षय जडे. रुग्णाचे वजन त्याच्या इच्छेविना दहा टक्क्यांहून अधिक घटले आणि सोबत महिनाभराहून जास्त ताप वा जुलाब असले, तर डॉक्टर त्या अवस्थेस रोगाचे प्रगत लक्षण मानीत. युगांडात १९८० च्या दशकात लोकांनी या रोगाला नावच ‘स्लिम’ असे दिले, म्हणजे बारीक करणारा रोग. १९८५ साली वैद्यकीय नियतकालिकातही ते नाव नोंदले गेले. मात्र ही रोगाची शेवटची पायरी होती. तिच्याआधी आठ-दहा वर्षे माणूस धडधाकट दिसू शकतो, कामाला जातो, वजनदार पोते उचलतो. लोकांनी शेवटची पायरी पाहिली आणि तिलाच संपूर्ण जिना मानले. त्यातून दोन चुकीचे समज जन्मले: बारीक झालेला तो बाधित, आणि अंगाने भरलेला तो निर्धोक. दुसरा समज पहिल्याहून घातक ठरला. आफ्रिकेच्या अनेक भागांत स्थूल देह हाच रोग नसल्याचा दाखला मानला गेला. आपल्याकडेही ‘चांगली तब्येत’ पाहून सोयरिकी जुळल्या आणि रक्ताची तपासणी कोणाला सुचली नाही.

हा समज कलाकृतींनी निर्माण केला नाही. पण त्यांनी तो पक्का केला. यातील सर्वांत प्रभावी प्रतिमा एका छायाचित्राची आहे. १९९० साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, कोलंबस येथील एका सेवागृहात थेरेस फ्रेअर या विद्यार्थिनीने डेव्हिड कर्बी या ३२ वर्षांच्या तरुणाचे मृत्युशय्येवरचे छायाचित्र घेतले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ते ‘लाइफ’ मासिकात आले. चित्रात हाडे आणि त्वचा एवढेच उरलेला एक देह आहे, डोळे कुठेतरी पलीकडे लागलेले आहेत, आणि पित्याने त्याचे मस्तक छातीशी धरले आहे. पाहणाऱ्यांना तत्काळ ‘पिएता’ आठवली, म्हणजे मातेच्या मांडीवर विसावलेला मृत ख्रिस्त. १९९२ साली बेनेटन या कपड्यांच्या कंपनीने हेच चित्र रंग भरून जाहिरातीत वापरले. त्यावर मोठे वादळ उठले. काही कॅथलिकांना ती पवित्र प्रतिमेची विटंबना वाटली, काही एड्सविषयक संघटनांना दुसऱ्याच्या यातनांवर चाललेला व्यापार. कर्बी कुटुंबाने मात्र संमती दिली होती. आपल्या मुलाचे मरण लोकांनी पाहावे असे त्यांना वाटले.

कुटुंबाच्या त्या भावनेपुढे मी नतमस्तक आहे. त्या काळी एड्सच्या रुग्णाला स्पर्श करावयास माणसे धजावत नव्हती, आणि इथे एक बाप आपल्या लेकाला उराशी धरतो, हे सांगणेच एक धाडस होते. तरीही समीक्षकाने एक प्रश्न विचारला पाहिजे: या चित्रात आपली दया कोणत्या अटीवर जागी होते? मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’तील ख्रिस्त कृश नाही. शिल्पकाराने त्याला सुडौल, जणू निद्रिस्त तरुणाचा देह दिला आहे, आणि आपली करुणा त्या देहाच्या कृशतेवर अवलंबून राहत नाही. कर्बीच्या चित्रात मात्र बरगड्या आणि खोल गेलेले गाल यांवाचून दुसरा आधार नाही. ते चित्र असत्य नाही. ते एका माणसाच्या शेवटच्या दिवसांचे सत्य आहे. पण वृत्तपत्रे, भित्तिपत्रके आणि प्रबोधनाचे फलक यांतून त्याची असंख्य भावंडे जन्मली आणि ते एका घडीचे सत्य एका अख्ख्या समूहाचा चेहरा बनले. आपल्याकडील ग्रामीण रुग्णालयांच्या भिंतींवर १९९० च्या दशकात कवट्या आणि सापळे रंगविलेले असत. त्यांत तर पित्याचा हातही नव्हता. होते ते केवळ भय.

याच्या उलट एक जुने चित्र आपल्या परंपरेतच आहे. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी माथियास ग्र्यूनेवाल्ट या जर्मन चित्रकाराने इझेनहाइम येथील मठासाठी वेदीचे चित्र रंगविले. आज ते फ्रान्समधील कोल्मार येथील संग्रहालयात आहे. तो मठ संत अंतोनीच्या नावाने चालणाऱ्या संघाचा असून त्याला जोडून रुग्णालय होते. ‘संत अंतोनीची आग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भयंकर व्याधीचे रुग्ण तिथे येत. राय या धान्यावर वाढणाऱ्या बुरशीमुळे ही व्याधी जडे. त्वचा जळल्यासारखी होई, हातपाय सडत आणि कापावे लागत. ग्र्यूनेवाल्टचा क्रुसावरील ख्रिस्त पाहिला की अंगावर काटा येतो. त्याची त्वचा हिरवट आहे, तिच्यावर सर्वत्र काटे रुतलेले आणि व्रण उठलेले आहेत, बोटे वेदनेने ताठरली आहेत. असा विद्रूप ख्रिस्त त्या काळी कोणी सहसा रंगवीत नसे. पण हे चित्र कोणासाठी होते याचा विचार केला की त्याचा अर्थ पालटतो. ते प्रवाशांसाठी वा देणगीदारांसाठी नव्हते. ज्यांचे देह तसेच होते, त्या रुग्णांना या वेदीसमोर आणले जाई. आपला देह प्रभूने धारण केला आहे, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे अशी ती योजना होती.

या दोन चित्रांतील फरक माझ्या विवेचनाचा पाया आहे. एक चित्र रुग्णाविषयी इतरांना काही सांगते. दुसरे चित्र रुग्णालाच काही सांगते. पहिल्यात रुग्ण पाहिला जातो, दुसऱ्यात तो पाहतो. एच.आय.व्ही.विषयी आजवर जी कला निर्माण झाली, तिचा फार मोठा भाग पहिल्या प्रकारचा आहे. आणि त्यात पाहणारा निरोगी असतो, हे गृहीतच धरलेले असते.

चित्रपटांकडे वळले की हे अधिक स्पष्ट होते. १९९३ साली आलेल्या ‘फिलाडेल्फिया’ने या विषयाला प्रथमच मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला. टॉम हँक्स यांनी त्यात अँड्र्यू बेकेट या वकिलाची भूमिका केली आणि तीसाठी वजन घटविले. कपाळावरील एक डाग वरिष्ठांच्या नजरेस पडतो आणि काही दिवसांत त्याची नोकरी जाते, असे कथानक आहे. न्यायालयातील एका प्रसंगी प्रतिपक्षाची वकील त्याच्या हाती लहानसा आरसा देते आणि चेहऱ्यावरचे डाग त्यात दिसतात का, असे विचारते. तो प्रामाणिकपणे नकार देतो. मग त्याचा स्वतःचा वकील त्याला सदरा उघडावयास सांगतो. छातीवरचे डाग साऱ्या न्यायालयाला दिसतात, आणि तोच आरसा आता त्याच्या बाजूने साक्ष देतो. नाट्य म्हणून हा प्रसंग प्रभावी आहे यात शंका नाही. तथापि त्याचा आशय बारकाईने पाहावा. अन्याय झाला हे सिद्ध करण्यासाठी पीडिताला आपला देह उघडा करून दाखवावा लागतो. न्याय मिळतो, पण तो व्रणांच्या प्रदर्शनानंतर. ज्याच्या छातीवर डाग नाहीत, ज्याचे वजन अद्याप घटलेले नाही, त्याने कोणता आरसा धरावा?

वीस वर्षांनी, २०१३ साली, ‘डॅलस बायर्स क्लब’ आला. मॅथ्यू मॅकॉनहे यांनी त्यासाठी सुमारे २० किलो वजन कमी केले आणि त्याचीच चर्चा सर्वाधिक झाली. पुढील वर्षी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा आणि सहकलाकार जॅरेड लेटो यांना सहायक अभिनेत्याचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. अभिनय उत्तम होता हे मान्य. पण नट वजन घटवितो, पारितोषिक घेतो आणि पुन्हा जेवू लागतो. त्याच्या कृशतेला आपण साधना म्हणतो. तीच कृशता जेव्हा कुंडलच्या एखाद्या शेतमजुराच्या अंगी येते, तेव्हा आपण तिला शिक्षा म्हणतो.

आपल्या देशातील, आणि कॅथलिक वाचकाला विशेष जवळचे, उदाहरण गोव्याचे आहे. डॉमिनिक डिसोझा हे पर्यावरणाच्या क्षेत्रात काम करणारे गोवेकर कॅथलिक तरुण नियमित रक्तदान करीत. त्यातूनच त्यांच्या रक्तातील विषाणू यंत्रणेच्या ध्यानी आला. १९८९ साली पोलिसांनी त्यांना बोलावून घेतले आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील तरतुदीनुसार एका बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात एकटे डांबले. ६४ दिवस ते तिथे होते. त्यांच्या मातेने उच्च न्यायालयात दाद मागितली. ते घरी परतले, पण विलगीकरणाची तरतूद न्यायालयाने पुढे ग्राह्यच ठरविली. १९९२ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारली आणि त्याच वर्षी ते निवर्तले. या हकिकतीत एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा थांबविते. डॉमिनिक यांना धरले तेव्हा ते रक्तदान करण्याइतके सुदृढ होते. त्यांच्या अंगावर रोगाची खूण नव्हती. खूण होती ती कागदावर. जो समाज देहावरून रोग ओळखण्याचा दावा करतो, त्याने एका निरोगी दिसणाऱ्या देहाला कोंडून ठेवले, कारण आता त्याला त्या देहावरही विश्वास उरला नव्हता.

ओनीर यांनी २००५ साली दिग्दर्शित केलेला ‘माय ब्रदर निखिल’ हा हिंदी चित्रपट या जीवनावरून प्रेरित आहे. काळ तोच, गोवाही तोच; पण नायक आता निखिल कपूर झाला आहे आणि तो राज्यातील अव्वल जलतरणपटू आहे. संजय सुरी यांनी निखिल आणि जुही चावला यांनी त्याची बहीण अनामिका साकारली आहे. पात्रे कॅमेऱ्याकडे पाहत आठवणी सांगतात, ही मांडणी संयत आहे. बहिणीचे न डगमगणारे प्रेम आणि वडिलांचे तुटणे यांतून कुटुंबाच्या वेदनेचे जे चित्र उभे राहते, ते हिंदी चित्रपटात दुर्मीळ आहे. निखिल पाण्यात असताना बाकीचे पोहणारे तलावातून बाहेर पडतात, हा प्रसंग तर अनेक भाषणांचे काम एकटा करतो. आपल्या धर्मग्रामांतील युवकांनी हा चित्रपट पाहावा, असे मी निःसंकोच म्हणेन.

असे असूनही नायकाला जलतरणपटू करण्यामागचा हिशेब तपासला पाहिजे. पोहणाऱ्याचा देह उघडा असतो, घोटीव असतो, पदके मिळविणारा असतो. अशा देहाची पडझड प्रेक्षकाला अधिक हेलावते. म्हणजे करुणेचे माप इथेही देहाच्या सौंदर्यात आहे: किती सुंदर होते आणि किती गेले! डॉमिनिक यांच्या खऱ्या आयुष्याला अशा मापाची गरज नव्हती. सर्वसामान्य देहाचा एक तरुण, रक्त देऊन दुसऱ्याचा जीव वाचवू पाहतो आणि त्याच रक्तापायी बंदी होतो, यात पुरेसे नाट्य होते. शिवाय चित्रपटाचा शेवट मृत्यूतच होतो. १९९० च्या दशकाच्या प्रारंभीच्या कथेला दुसरा शेवट नव्हता हे खरे. पण प्रेक्षक तो पाहत होते २००५ साली, आणि तोवर परिस्थिती पालटू लागली होती. आदल्याच वर्षी आलेल्या रेवती यांच्या ‘फिर मिलेंगे’ने नायिकेला जगू दिले, ही त्या चित्रपटाची मला सर्वांत मोलाची वाटणारी बाजू.

परिस्थिती पालटली ती औषधांमुळे. १९९६ च्या सुमारास तीन औषधांची एकत्रित उपचारपद्धती प्रचारात आली. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने ही औषधे वर्षाला ३५० डॉलर, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केली आणि गरीब देशांची दारे उघडली. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले. २०१७ पासून तर निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. गोळी नियमित घेणारा माणूस आज दीर्घकाळ जगतो. आणि रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका घटला व तसाच राहिला, तर जोडीदारालाही लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. हाडांचा सापळा हे या रोगाचे अटळ रूप राहिलेले नाही.

पण देहाची गोष्ट इथे संपली नाही. उलट इथून ती अधिक गुंतागुंतीची झाली, आणि नेमकी इथे कलेने पाठ फिरविली. सुरुवातीच्या वर्षांत मोफत उपचारात स्टॅव्ह्युडीन हे औषध होते. ते स्वस्त होते आणि त्याने असंख्य जीव वाचविले. पण चरबीच्या पेशींतील ऊर्जा निर्माण करणारे घटक त्याने बिघडत. गालांची चरबी वितळे, हातापायांच्या शिरा दोरीसारख्या वर येत, आणि काहींचे पोट किंवा मानेमागचा भाग मात्र फुगे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ते औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा सल्ला दिला. औषध गेले तरी गाल सहजी भरून आले नाहीत. विचार करा: रोग आटोक्यात, भूक चांगली, काम करण्याची ताकद परतलेली, आणि चेहरा मात्र असा की पाहणाऱ्याला जुने भित्तिपत्रक आठवावे! या परिसरात घरोघरी जाताना एका बाईंच्या तोंडून ऐकलेले वाक्य मी विसरू शकत नाही. त्या म्हणाल्या, “फादर, रोग आत हुता तवर माझा एकटीचा हुता. गालावर आला आन् गावाचा झाला.” एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला आहे. संमतीवाचून कोणाची बाधितता उघड करण्यास त्याने मनाई केली. डॉक्टरांच्या, मालकाच्या तोंडाला त्याने कुलूप घातले. पण गालांना कुलूप घालणे कोणत्याच कायद्याला शक्य नाही. इथे बदलावी लागते ती नजर.

अलीकडची औषधे या बाबतीत पुष्कळ सुसह्य आहेत. तथापि सध्याच्या उपचारातील डोल्युटेग्रॅव्हिर या औषधाबरोबर अनेकांचे, विशेषतः स्त्रियांचे, वजन वाढते असे अभ्यासांत आढळले आहे. त्यातील काही वाढ म्हणजे झिजलेल्या देहाने परत मिळविलेले आरोग्य. काही मात्र नको इतकी. उपचार केंद्रात प्रत्येक भेटीत वजन नोंदले जाते. आधी काट्यावरचा आकडा घसरतो म्हणून छाती धडधडत असे; आता तो चढतो म्हणून मधुमेह आणि रक्तदाबाची काळजी. आणि गावात? गावात लोक म्हणतात, ‘आता तब्येत झाली, आता काही नाही तुला.’ ऐकणाऱ्याला कळत नाही की हसावे की रडावे. बारीक असताना त्याच्यावर संशय होता, आता तो गोळ्या घेतो यावर कोणाचा विश्वास नाही. काहींना स्वतःलाही वाटू लागते की तब्येत आली म्हणजे रोग गेला, आणि गोळ्या सुटतात. काहीजण आरशातला बदललेला चेहरा सहन न होऊन गोळ्या सोडतात. दोन्ही वाटा मरणाकडेच जातात. म्हणून हा प्रश्न केवळ सौंदर्याचा वा मानापमानाचा राहत नाही. तो जीवनमरणाचा होतो.

या माणसांवर, म्हणजे वीस वर्षे गोळ्या घेत, मुलांची लग्ने करीत, पोट सुटलेल्या आणि केस पिकलेल्या बाधित स्त्री-पुरुषांवर, गाजलेली कादंबरी वा चित्रपट माझ्या वाचनात आणि पाहण्यात आलेला नाही. त्यांच्या देहात नाट्य नाही, असे आपल्या लेखकांना वाटत असावे. मरणाऱ्यासाठी आपली लेखणी लगेच ओलावते. जगणाऱ्याचे काय करावे, हे तिला उमगत नाही.

सुझन सोन्टॅग या अमेरिकन लेखिकेने १९७८ साली रोगांवर लादल्या जाणाऱ्या रूपकांविषयी आणि १९८९ साली खास एड्सच्या रूपकांविषयी लिहिले. रोगाला शाप, शिक्षा वा आक्रमण म्हटल्याने रुग्णाच्या यातना वाढतात, हा तिचा मुद्दा होता. मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की करुणेचे रूपकही ओझे होऊ शकते. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ ही संस्था देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये एड्स प्रतिबंधाचे कार्य करीत आली आहे. त्या स्त्रियांनीच पुढे ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ स्थापन केली. त्यांच्या कार्यावरील एका लघुपटाचे इंग्रजी नाव मराठीत आणावयाचे तर ‘तारणाऱ्यांपासून आम्हांला तारा’ असे होईल. ‘तारणारा’ हा शब्द आपल्या कानांना इतका पवित्र की हे नाव ऐकताच आपण दुखावतो. त्या स्त्रियांच्या सर्व भूमिका आपल्याला मान्य होतील असे नाही. पण दुखावणे बाजूला ठेवून ऐकले, तर त्या नावात एक रास्त तक्रार आहे: आमच्याकडे येणारा प्रत्येकजण आम्हांला आधी दीन करून पाहतो, आणि मग मदत करतो. आपल्या सेवाकार्याच्या अहवालांत, देणगीच्या आवाहनांत आपण कोणती छायाचित्रे छापतो, याचा शोध या तक्रारीच्या प्रकाशात घ्यावा. सर्वांत कृश मूल पहिल्या पानावर घेण्याचा मोह आपल्याला होत नाही काय?

चांगली कलाकृती कशी असावी, असे कोणी विचारले तर मी इझेनहाइमच्या वेदीकडे बोट दाखवीन. तिथे विद्रूपता झाकलेली नाही, पण ती पाहुण्यांपुढे मांडलेलीही नाही. ती रुग्णाच्या सोबतीला आहे. आपल्या मराठी ख्रिस्ती लेखकांत अशी सोबत देण्याची कुवत आहे. त्यांनी त्या बाईंच्या गालांविषयी लिहावे, काट्यावर उभे राहताना मिटलेल्या डोळ्यांविषयी लिहावे, आणि रात्री नऊच्या गोळीसाठी गजर लावणाऱ्या नवराबायकोविषयीही लिहावे. लिहिताना एकच कसोटी ठेवावी: हे पान ज्याच्याविषयी आहे त्याने वाचले, तर त्याची मान खाली जाईल की त्याला वाटेल की कोणीतरी आपल्या शेजारी येऊन बसले आहे?

वाचकांचे काम लेखकांहून सोपे नाही. मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपण भेटतो तेव्हा ‘किती वाळलात!’ किंवा ‘अंग धरलंय हं!’ ही वाक्ये आपल्या ओठांवर आपुलकीनेच येतात. त्यामागचे प्रेम खोटे नाही. पण ते वाक्य ज्याच्या कानी पडते, त्याच्या घरी औषधांचा डबा कुठल्या कपाटात लपविला आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. देहाविषयी बोलणे थोडे दिवस थांबवून पाहावे. ‘कामाचं कसं चाललंय?’, ‘लेकीची परीक्षा कशी झाली?’, ‘रविवारी जेवायला याल का?’ असे विचारावे. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित प्रभू मग्दालेच्या मरियेला रूपावरून ओळखू येत नाही. ती त्याला माळी समजते. तो तिला नावाने हाक मारतो, तेव्हा ती ओळखते. आपल्या शेजाऱ्यांनाही आपण त्यांच्या नावाने हाक मारावी. वजनाचा हिशेब त्यांच्या डॉक्टरांकडे राहू द्यावा.